उलटे लावलेले चिमटे

व्हर्ना स्टचेलने आयुष्यातली चोवीस वर्षं मोटारींच्या बंपरांना चकाकी आणण्यात घालवली. नदीकाठच्या त्या कारखान्यात एकवीस टाक्या होत्या आणि कुठल्या टाकीत काय चाललंय हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. काम सांगायला साधं. टाकीतल्या पाण्यात बंपर सोडायचा, समोर धातूच्या पाट्या सोडायच्या आणि वीज लावायची. बंपर ऋण टोकाला असला की पाट्यांवरचा धातू त्याच्यावर चढतो. धन टोकाला असला की त्याच्याच अंगावरचा धातू सुटून जातो. पहिल्याच वर्षी एकदा तिच्या हातून टोकं उलटी लागली. जेवून परत येऊन बघते तर अठरा बंपर उंदरांनी कुरतडल्यासारखे. मुकादमाने शिव्या दिल्या नाहीत. त्यातला एक बंपर उचलून तिच्या जागेसमोर भिंतीला टांगला आणि म्हणाला, "रोज येता-जाता बघत जा." तिने तो चोवीस वर्षं बघितला.

अठ्ठ्याऐंशी साली कारखाना बंद पडला. पेन्सिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात तेव्हा बरंच काही बंद पडत होतं. व्हर्ना पंचावन्न वर्षांची. नवरा वेन्डेल तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, निवृत्त झालेला, आणि नेमबाजीचा भारी शौकीन. दर शनिवारी क्लबच्या मैदानावर दोनशे यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या तो एका बाटलीच्या बुचात मावतील इतक्या जवळ मारायचा. त्या शरद ऋतूत त्याच्या गोळ्या विखरायला लागल्या. गोळीवर तांब्याचं पातळ कवच असतं. ते थोडं थोडं रायफलीच्या नळीच्या आत कोरलेल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांत चिकटत जातं. वेन्डेल ओसरीत बसून तासन् तास ब्रश मारत राहायचा.

"हात मोडून घेशील," व्हर्ना एकदा म्हणाली. "अरे, हे तर आमचंच काम आहे, फक्त उलट्या दिशेने."

तिने दोन सेलची जुनी टॉर्च फोडली. नळीच्या खालच्या तोंडात रबरी बूच बसवलं, नळी उभी धरून आत अमोनिया, व्हिनेगर आणि पाणी भरलं, मधोमध एक लोखंडी सळई सोडली. सळई नळीला टेकू नये म्हणून तिला रबरी कड्या घातल्या. मग सेलची ऋण तार सळईला, धन तार नळीला, दोन्हीकडे छोटे चिमटे. टॉर्चचा बल्ब मंद पेटला. नळीच्या तोंडाशी बारीक बुडबुडे आले, आणि तासाभरात पाणी निळं झालं. सळई बाहेर काढली तर तिच्यावर काळपट तांबड्या रंगाचा थर. वेन्डेलने नळी दिव्याकडे धरून आत पाहिलं आणि बायकोकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मागच्या शेडमध्ये तिचं हे काम सुरू झालं. आसपासच्या तीन-चार खोऱ्यांतून माणसं रायफली घेऊन यायची. कुणी डझनभर अंडी द्यायचं, कुणी हरणाच्या मांसाचं सॉसेज. एक गोष्ट मात्र ती प्रत्येकाला बजावून सांगायची: चिमटे लावून निघून जायचं नाही. तांबं संपलं की तीच वीज पोलाद कुरतडायला लागते. म्हणून शेजारी अंडी उकडायचं घड्याळ लावलेलं असायचं, आणि स्टुलावर ती स्वतः.

वेन्डेल गेला तो ब्याण्णवच्या जानेवारीत. पहाटे छातीत कळ आली तेव्हा बाहेर कमरेइतका बर्फ होता. फोन केल्यापासून वीस मिनिटांत गावाची बर्फ काढायची गाडी घेऊन तिचा चालक डेल्मर हाउक आला, रुग्णवाहिकेच्या पुढे रस्ता कापत. वेन्डेल वाचला नाही. पण तो इस्पितळात, गरम पलंगावर, व्हर्नाचा हात हातात घेऊन गेला. ही गोष्ट ती विसरली नव्हती. त्यानंतर प्रत्येक बर्फाच्या सकाळी, ती उठायच्या आत, डेल्मर तिच्या दारापर्यंतची वाट मोकळी करून गेलेला असायचा.

डेल्मर चोपन्न वर्षांचा, पिंपासारखा रुंद आणि बोलायला मोठ्या आवाजाचा. गावच्या आगीच्या बंबखान्यातल्या रविवारच्या नाश्त्याला बाकीचे लोक आपापल्या रायफलीचं कौतुक सांगत असले की तो म्हणायचा, "वीस वर्षांत मी नळीत ब्रश घातला नाही. माझी नळी गोळीच साफ करते." सगळे हसायचे. व्हर्ना म्हणायची, "आंघोळही तशीच करतोस का रे? पावसात उभा राहून?" त्याची बायको आयोन मान खाली घालायची, तो मात्र सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

चौऱ्याण्णव साली हरणाचा हंगाम उघडला त्या सोमवारी दाट धुकं होतं. दुपारी एकच्या सुमाराला जंगलखात्याच्या रानात एल्डन ट्रिम्पी सापडला. अडतीस वर्षांचा, दुधाचा टँकर चालवणारा, दोन मुलींचा बाप. त्याने हरीण मारलं होतं आणि ते ओढत, पाठ वाकवून, उतारावरून आणत होता. कुणाला तरी धुक्यात फक्त तपकिरी काहीतरी हलताना दिसलं असावं. गोळी कुशीतून आत गेली होती. ज्याने मारली तो पुढे आला नाही. सरकारी डॉक्टरांनी एल्डनच्या बायकोला, कॉरिनला, सांगितलं की तो लगेच गेला नव्हता. एक तास तरी जिवंत होता. तिने विचारलं होतं म्हणून त्यांनी सांगितलं.

दहा दिवस झाले. गुरुवारी सकाळी रेडिओवर बातमी आली: गोळी जवळजवळ अख्खी मिळाली आहे, तिच्यावर आट्यांचे ओरखडे स्पष्ट आहेत; त्या मापाची रायफल असणाऱ्या प्रत्येकाने ती शुक्रवारी किंवा शनिवारी बंबखान्यात आणावी, राज्य पोलीस एकेक गोळी झाडून ओरखडे जुळतात का ते बघणार आहेत.

त्याच गुरुवारी साडेबाराला व्हर्नाच्या शेडबाहेर बर्फाची गाडी थांबली.

"आहेस का गं, व्हर्ना?"

"नसते तर धुराड्यातून धूर आला असता का? ये. आणि दार लाव, थंडी आत येते."

डेल्मर आत आला. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. त्याने ते बाकावर ठेवलं, घोंगडी सोडली. त्याच्या वडिलांची जुनी बोल्टची रायफल होती ती.

"अगं बाई!" व्हर्ना म्हणाली. "आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय? तू आणि नळी साफ करायला?"

तो हसला नाही. "आजच हवीय. मी थांबतो इथे."

"शनिवारी देते ना. आधीच्या दोन पडल्यात..."

"आज, व्हर्ना."

तिने वर पाहिलं. तो दाराला पाठ लावून उभा होता. दाढी दोन दिवसांची वाढलेली. सवयीने तिने बोल्ट मागे ओढून रायफल रिकामी आहे ना ते पाहिलं, ज्या खिळीशिवाय रायफल झडत नाही तो बोल्ट बाहेर काढून एप्रनच्या खिशात टाकला, नळी दिव्यासमोर धरली.

"नळी आहे का गटार?" ती म्हणाली. "तांब्याचे नुसते पट्टे चढलेत. दीड तास लागेल, कदाचित दोन."

"आणि सहा तास ठेवली तर?"

"सहा तास कशाला? तांबं संपलं की पोलाद खायला लागेल ते."

"म्हणजे आतले आटे?"

"आटे बोथट होतील. मग गोळी नाकासमोर जाईल का शेजाऱ्याच्या गोठ्यात, कुणाला सांगता यायचं नाही."

डेल्मर म्हणाला, "मग सहा तास ठेव."

व्हर्ना बुचासाठी खणात हात घालून उभी होती. तो हात तिथेच राहिला. ती वळली नाही. मागे गाडीतला वायरलेस खरखरत होता, दार बंद असूनही ऐकू येत होता. सकाळची बातमी, धुकं, वीस वर्षं न साफ केलेली नळी आणि हे सहा तास, सगळं एकावर एक येऊन बसलं.

"विकायचीय मला," डेल्मर उगाच म्हणाला. "जशी जाईल तशी."

आटे खाल्लेली रायफल विकत कोण घेतो, असं ती म्हणाली नाही. तिला एवढंच दिसत होतं की आता नाही म्हटलं तर हा माणूस रायफल उचलून निघून जाईल, आणि तासाभरात ती जुन्या खाणीच्या डबक्यात असेल, साठ फूट पाण्याखाली. ती इथे, या बाकावर राहायला हवी होती.

"बस मग," ती म्हणाली. "उभा राहू नकोस डोक्यावर. मला काम सुधरत नाही."

तो बसला नाही. दोन पावलं पुढे मात्र आला, बघायला.

तिने बूच बसवलं, नळी बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात उभी आवळली, नरसाळ्याने पाणी ओतलं. अमोनियाने डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं. सळई सोडली. मग तिने चिमटे हातात घेतले. लाल तार धन, काळी ऋण. सहा वर्षं लाल चिमटा नळीला लागत आला होता, झोपेतसुद्धा तो तिकडेच गेला असता. तिला भिंतीवरचा तो कुरतडलेला बंपर आठवला. मुकादमाने कधीच सांगितलं नव्हतं, पण तिने स्वतः शिकून घेतलं होतं: जे ऋण टोकाला असतं ते खाल्लं जात नाही. ते वाचतं.

तिने काळा चिमटा नळीला लावला आणि लाल सळईला.

बल्ब पेटला. नळीच्या तोंडाशी बुडबुडे आले, नेहमीसारखेच.

"एवढंच?" डेल्मर म्हणाला.

"एवढंच. काय वाटलं तुला, ठिणग्या उडतील?"

तिने घड्याळ लावलं आणि स्टुलावर बसली. खिशातला बोल्ट मांडीला टोचत होता. बाहेर बर्फ पडायला लागला, आधी तुरळक, मग जोरात. कॉफी ओतून तिने कप पुढे सरकवला. त्याने तो हातात घेतला आणि तसाच धरून राहिला. घड्याळाच्या टिकटिकीखेरीज शेडमध्ये आवाज नव्हता.

पाऊण तासाने तो वाकला आणि नळीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हे तपकिरी का दिसतंय?"

"घाण आहे ती."

"न्हाव्याकडे एक जण सांगत होता, निळं होतं म्हणून."

नळीत आता सळईच विरघळत होती, तिचाच तो गंज. "त्याने दर वर्षी साफ केलेली असणार," ती म्हणाली. "तुझ्यात वीस वर्षांची काजळी आहे. आधी ती निघेल. मग निळं होईल."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती घड्याळाकडे बघत राहिली. शेवटी तो सरळ झाला.

"व्हर्ना, खुणा किती वेळात जातात गं?"

"कसल्या खुणा?"

आपण काय विचारून बसलो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. कप त्याने इतक्या हळू खाली ठेवला की जणू तो काचेचा होता.

त्या क्षणी व्हर्नाला गप्प बसणं सहज जमलं असतं. सहा तास बल्ब जळू द्यायचा. संध्याकाळी हा निर्धास्त होऊन रायफल घेऊन जाईल, उद्या आपल्याच पायांनी बंबखान्यात नेईल, पोलीस एक गोळी झाडतील आणि सगळं आपोआप होईल. तिला बोटसुद्धा उचलावं लागणार नव्हतं. पण हाच माणूस एका पहाटे वीस मिनिटांत तिच्या दारात आला होता. त्याला कळपातल्या जनावरासारखं सापळ्यात जाताना मागून बघत राहायचं, हे तिच्याच्याने होईना.

"डेल्मर," ती म्हणाली. आवाज स्वतःचाच वाटला नाही तिला. "चिमटे उलटे आहेत."

"काय?"

"उलटे लावलेत मी. नळीला काही होत नाहीये. विरघळतेय ती सळई. सहा तास ठेव नाहीतर सहा दिवस, तुझे आटे जसेच्या तसे राहतील."

तो हलला नाही. मग एकाच फटक्यात त्याने टॉर्च, बल्ब, तारा सगळं बाकावरून उडवलं. बल्ब भिंतीला लागून फुटला. व्हर्ना स्टुलावरून उठली, पण मागे सरायला जागा नव्हती. पाठीशी शेगडी होती.

"बोल्ट दे."

"नाही देणार."

"व्हर्ना, मी तुला हात लावणार नाही. बोल्ट दे मला."

"हात लावल्याशिवाय मिळणार नाही."

तो दोन फुटांवर उभा होता. त्याच्या जाकिटाला डिझेलचा वास होता. एकसष्ट वर्षांची बाई ती, पाच फूट दोन इंच. तिने खिशात मूठ आवळून धरली आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. किती वेळ गेला ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. मग तो तिच्याच स्टुलावर बसला.

"हरीण दिसलं मला," तो म्हणाला. "देवाशपथ सांगतो, हरीणच दिसलं. आणि हरीण होतंच की. त्याने मारलेलं. त्याच्या मागे तो होता."

"मग ओरडायचं होतंस. माणसं बोलवायची होतीस."

"जवळ गेलो तर तो पालथा पडलेला. पानांत तोंड. त्याने विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, पडून राहा, मदत आणतो. गाडीपर्यंत गेलो. वायरलेसचा माइक हातात घेतला. नुसतं बटण दाबायचं होतं गं." त्याने अंगठा पुढे करून दाखवला. "नाही दाबलं गेलं. बसून राहिलो. मनात म्हटलं, आता दाबतो, आता दाबतो. मग म्हटलं, आता इतका वेळ झाला, आता दाबलं तर विचारतील आधी का नाही दाबलं. घरी गेलो. आयोनने सूप केलं होतं. प्यायलो मी ते."

व्हर्नाने तोंडावर हात ठेवला.

बाहेरचा वायरलेस परत खरखरला. या वेळी शब्द कळले: "डेल्मर, कुठे आहेस बाबा? चर्चच्या चढावर बर्फाची काच झालीय नुसती. अडीचला शाळेच्या बस सुटतात. डेल्मर?"

दोघंही ऐकत राहिले. डेल्मरने मनगटाने नाक पुसलं. दोन वाजायला दहा मिनिटं होती.

"जा," व्हर्ना म्हणाली. "चढ मोकळा कर. रायफल इथे राहील, बोल्ट माझ्याकडे राहील. पाच वाजता मी पोलिसांना फोन करणार आहे. त्याच्या आधी तू केलास तर तो तुझा फोन. नंतर तो माझा."

"आणि मी पळून गेलो तर?"

"या बर्फात? त्या गाडीतून? ताशी वीस मैलांनी कुठवर जाशील रे!"

तिला स्वतःलाच कळलं नाही की आपण असं कसं बोललो. डेल्मरच्या घशातून एक विचित्र आवाज आला, हसल्यासारखा, आणि तो उठून गेला. गाडी सुरू झाली, बर्फ लोटायचं पातं खाली आदळलं, आणि तो घरघराट उतरणीवरून लांब लांब गेला.

ते तीन तास तिच्या आयुष्यातले सगळ्यांत लांब तास. तिने शेडला आतून कडी लावली. मग वाटलं, कडी कशाला, आणि काढली. मग परत लावली. रायफल व्हाइसमध्ये तशीच उभी होती, तोंडाशी गढूळ पाणी. तिच्या डोक्यात एकच येत होतं: तो चढावरून नदीत गेला तर? जीवबीव दिला तर ते माझ्यावर येईल का? साडेतीनला तिने फोन उचलला आणि ठेवला. साडेतीनलाच बंबखान्याचा भोंगा वाजला असं तिला वाटलं. खिडकी उघडून कान दिला, तर वारा होता.

पाच वाजता तिने नंबर फिरवला. बंबखान्यात पोलिसांनी तात्पुरतं टेबल मांडलं होतं. तिने नाव सांगितलं तशी पलीकडचा तरुण आवाज म्हणाला, "मॅडम, रायफल तुमच्याकडेच आहे ना? हात लावू नका तिला. मिस्टर हाउक वीस मिनिटं झाली इथे समोर बसलेत."

व्हर्नाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडली. वेन्डेल गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर गावाने तिला डोक्यावर घेतलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पोलीस तिचा जबाब घ्यायला आले, तेव्हा एक गोष्ट तिच्या लक्षात आली. डेल्मरने सगळं कबूल केलं होतं, धुकं, हरीण, गोळी, चिमटे, सगळं. फक्त एल्डन बोलला ते सांगितलं नव्हतं. जवळ गेलो तेव्हा तो गेलेलाच होता, असं त्याने लिहून दिलं होतं.

पोलिसाने कागद वाचून दाखवला आणि पेन काढलं. "तुम्हाला तो असंच म्हणाला?"

व्हर्ना बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत राहिली. हो म्हटलं असतं तर कुणाचं काही अडत नव्हतं. माणूस आपल्या पायांनी हजर झाला होता. आयोनला निदान एवढं तरी राहिलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "असं नाही म्हणाला." आणि तिने सांगितलं.

न्यायालयात डेल्मरने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. शिक्षा चार वर्षांची झाली. वकील म्हणाला, त्या एका वाक्यामुळे दोन वाढली. गावात दोन तट पडले. बंबखान्यातल्या नाश्त्याला व्हर्ना बसली की शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. "कबूल केलं होतं ना त्याने," टपालकचेरीतली बाई तिच्या तोंडावर म्हणाली. "मेलेल्या माणसाचं बोलणं उकरून काढायची काय गरज होती?" आयोन हाउक चर्चमध्ये बाक बदलून बसू लागली. त्या हिवाळ्यात गावाने ठेवलेला नवा माणूस फक्त मोठा रस्ता साफ करायचा. आतल्या वाटा ज्याच्या त्याने. व्हर्ना फावड्याने काढायची, दर दहा फुटांवर थांबत.

एप्रिलमध्ये, बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला होता तेव्हा, कॉरिन ट्रिम्पी आली. आधी कळवलं नव्हतं. शेडच्या दारात उभी राहिली, अंगात एल्डनचं जाकीट, बाह्या दुमडलेल्या.

"कोर्टात मी ऐकलं सगळं," ती म्हणाली. "पण तिथे वकील मधे मधे बोलत होते. तू मला सांग. तो काय म्हणाला ते, जसंच्या तसं."

"बस ना आधी."

"बसत नाही. सांग."

व्हर्नाने सांगितलं. कोण आहे, एवढंच एल्डनने विचारलं. डेल्मर म्हणाला, पडून राहा, मदत आणतो.

"डेल्मरने नाव सांगितलं नाही?"

"नाही."

"आणि तोंड पानांत होतं."

"असं तो म्हणाला."

कॉरिनने मान हलवली, हळूहळू, तीन-चार वेळा. "आवाजावरून ओळखलं नसेल ना गं? डेल्मरचा आवाज तर..."

"मला माहीत नाही, कॉरिन. खोटं कशाला सांगू?"

"नसेल ओळखलं," कॉरिन म्हणाली. "नसेलच. एल्डनला फार आवडायचा तो. बंबखान्यातून आला की त्याचे विनोद सांगायचा घरी." मग ती स्टुलावर बसली. "म्हणजे त्याला वाटलं असणार, कुणीतरी येतंय. शेवटपर्यंत वाटलं असणार."

व्हर्नाने कॉफी ओतली. कॉरिनने ती सगळी प्यायली, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि म्हणाली की मुलींची बस यायची वेळ झाली. दारात ती थांबली.

"पुढच्या आठवड्यात येऊ का?"

"ये की," व्हर्ना म्हणाली. "कुठल्याही दिवशी ये. मी असते."

ती आली. पुढच्या मंगळवारी, आणि त्याच्या पुढच्याही.